श्रोडिंगरच्या समीकरणाआधी मॅट्रिक्स
बारावीनंतरच्या सुट्टीत क्वांटम भौतिकी स्वतः शिकायची असेल, तर श्रोडिंगरच्या समीकरणापासून, म्हणजे सूक्ष्म कणाची अवस्था काळानुसार कशी बदलते हे सांगणाऱ्या समीकरणापासून, सुरुवात करावी, असे बऱ्याचदा सुचवले जाते. मला मात्र हा क्रम बदलावासा वाटतो. ते समीकरण सोडवण्याच्या खटपटीत नवा विद्यार्थी कलनशास्त्रात इतका गुंततो, की भौतिकी बाजूलाच राहते. त्याऐवजी इलेक्ट्रॉनच्या स्पिनपासून, म्हणजे त्याच्या अंगभूत कोनीय संवेगापासून, आरंभ करावा, कारण त्याच्या मोजणीत दोनच उत्तरे संभवतात आणि त्यासाठी लागणाऱ्या संमिश्र संख्या व मॅट्रिक्स (संख्यांच्या चौकोनी मांडण्या) यांची ओळख अकरावी-बारावीतच झालेली असते.

1922 साली श्टर्न आणि गेरलाख यांनी चांदीच्या अणूंचा झोत विषम चुंबकीय क्षेत्रातून सोडला, तेव्हा तो दोन भागांत विभागला गेला; ही अणूतल्या एका इलेक्ट्रॉनच्या स्पिनची दोन उत्तरे. त्यातला एकच भाग 90 अंशांत वळवलेल्या दुसऱ्या चुंबकातून नेला, आणि तेथून निघालेला एक भाग परत पहिल्या दिशेच्या चुंबकातून नेला, तर त्याचे पुन्हा दोन भाग होतात. म्हणजे पहिल्या मोजणीचे उत्तर पुसले गेलेले असते. यामागचे गणित पाउलींच्या, म्हणजे तीन दिशांतला स्पिन दर्शवणाऱ्या, मॅट्रिक्सपैकी कोणत्याही दोन वेगळ्या मॅट्रिक्सचा गुणाकार क्रम उलटून केल्यास दिसते: उत्तराचे चिन्हच बदलते, म्हणजे क्रमाला महत्त्व असते. हा गुणाकार वहीत स्वतःच करावा, नुसते व्हिडिओ पाहून तो अंगवळणी पडत नाही. 1925 मध्ये क्वांटम भौतिकी मांडताना भौतिकशास्त्रज्ञ हायझेनबर्ग यांनाही आपण मॅट्रिक्सच वापरत आहोत याची कल्पना नव्हती, ते त्यांचे सहकारी बॉर्न यांनी ओळखले; स्वतः शिकणाऱ्याला धीर देणारी अशीच ही गोष्ट आहे. श्रोडिंगरचे समीकरण त्यानंतर, आणि तेही आधी पेटीत कोंडलेल्या एका कणासाठी, हाती घ्यावे.