आत्मा नाही, तर विञ्ञाण म्हणजे काय आणि ध्यान नेमके कोण करते?

खाडीकाठ

सर्वांना सविनय जयभीम. मी दापोली तालुक्यातील खाडीकाठच्या एका गावात राहते. आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत, म्हणजे वर्षावासाच्या तीन महिन्यांत, आमच्या बौद्धवाडीतील विहारात दर रविवारी ग्रंथवाचन होते आणि यंदा वाचनाचे काम माझ्याकडे आले आहे. गेल्या रविवारी पंचस्कंधांचा, म्हणजे माणूस ज्या पाच घटकांचा मिळून बनतो त्यांचा, भाग निघाला. 'रूप, वेदना, संज्ञा, संस्कार, विज्ञान' एवढे वाचून होते न होते तोच बारावीतल्या एका मुलाने विचारले की, सायन्स माणसाच्या अंगातच असते का? सगळे हसले, मीही हसले, आणि येथे विज्ञान (पालीत विञ्ञाण) म्हणजे जाणीव असा खुलासा करून पुढे गेले.

खरी अडचण त्यानंतर आली. माझ्या आजीचे पुण्यानुमोदन (मृत्यूनंतरचा विधी) नुकतेच झाले आहे. वाडीतील एक वयोवृद्ध काका तिच्या बरोबरीचे. ते म्हणाले, "आत्मा नाय म्हणतेस, मग तुझ्या आजीचं ह्ये विज्ञान आता गेलं कुठं? नाव बदललं आन् आत्मा तोच ऱ्हायला, असंच ना?" मला उत्तर देता आले नाही. दुसरी शंका माझी स्वतःची आहे. 'मी' असे काही नसेल, तर चित्ताला वळण लावायचे ते कोणी आणि कोणाच्या चित्ताला? सकाळी अर्धा तास श्वासाकडे लक्ष देऊन बसते, तेव्हा 'मी पाहते आहे' ही भावना क्षणभरही हटत नाही. जाणकारांनी कृपया समजावून सांगावे.

निवृत्त मास्तर

ताई, आपल्या काकांना पडलेला प्रश्न खुद्द बुद्धांच्या हयातीत एका भिक्षूने उभा केला होता, आणि तो भिक्षू कोळ्याचा मुलगा होता हे आपल्या किनाऱ्यावर आवर्जून सांगण्यासारखे आहे. मज्झिमनिकाय या बुद्धांच्या उपदेशांच्या पाली संग्रहातील महातण्हासङ्खय सुत्तात साति नावाच्या या केवट्टपुत्ताची हकीकत येते. त्याची समजूत अशी होती की, हेच विञ्ञाण, जसेच्या तसे, एका जन्मातून दुसऱ्या जन्मात फिरत राहते. कोणते विञ्ञाण, असे बुद्धांनी विचारल्यावर त्याने उत्तर दिले की, जे बोलते, जे अनुभवते आणि बऱ्यावाईट कर्मांची फळे भोगते ते. यावर बुद्धांनी त्याला चांगलेच फटकारले आणि कारणावाचून विञ्ञाण उत्पन्न होतच नाही, हे आपण नाना प्रकारे सांगितले असल्याची आठवण दिली.

पुढे जी उपमा आहे ती कोकणातल्या शेतकऱ्याला समजावून सांगावी लागत नाही. अग्नी ज्याच्यावर जळतो त्यावरून त्याला नाव मिळते: लाकडाचा अग्नी, गवताचा अग्नी, शेणाचा अग्नी. तसेच डोळा आणि रूप यांमुळे उपजलेली जाणीव ती चक्खुविञ्ञाण, कान आणि शब्द यांमुळे उपजलेली ती सोतविञ्ञाण, याप्रमाणे मनापर्यंत सहा. आपण भाजावळ करतो, म्हणजे पेरणीआधी शेत भाजतो, तेव्हा खाली शेण, त्यावर कवळ (छाटलेल्या डहाळ्या), त्यावर गवत आणि पातेरा (पालापाचोळा) अंथरतो. शेण धुमसते, पातेरा भडकतो, ओलसर कवळ तडतडते; प्रत्येकाचा जाळ निराळा आणि धूरही निराळा. पातेऱ्यावरचा जाळ कवळावर चढला, तर तो गाठोडे बांधून पलीकडे राहायला गेला असे कोणी म्हणत नाही. पहिल्यामुळे दुसरा पेटला, एवढेच आपण म्हणतो. काकांच्या 'कुठं गेलं' या शब्दांत जाणारी वस्तू आधीच गृहीत धरलेली आहे.

आपल्या 'कोण' या प्रश्नाचेही तेच आहे. संयुत्तनिकाय या तशाच दुसऱ्या संग्रहात मोळियफग्गुन नावाचा भिक्षू विचारतो की, वेदना कोण अनुभवतो? बुद्ध उत्तर देत नाहीत, प्रश्नच दुरुस्त करतात. 'नो कल्लो पञ्हो', म्हणजे हा प्रश्न नीट मांडलेला नाही. वेदना कशामुळे होते असे विचार, म्हणजे स्पर्शामुळे, इंद्रिय आणि विषय यांच्या संयोगामुळे, असे उत्तर देता येईल. मला स्वतःला संपूर्ण अनात्मवादातील ही सर्वांत उपयोगी सूचना वाटते, कारण ती काही मानायला सांगत नाही, फक्त 'कोण'च्या जागी 'कशामुळे' घालायला सांगते.

शिलालेख

मास्तरांनी सांगितलेले योग्यच आहे, मात्र काकांची शंका इतक्या सहज निकालात काढू नये, असे मला वाटते. ती शंका एका संपूर्ण बौद्ध निकायाची, म्हणजे पंथाची, होती, आणि तो निकाय आपल्याच कोकणात नांदत होता. कान्हेरीच्या सातवाहनकालीन लेखांत भद्रायणीय या निकायाचा उल्लेख आहे. हे भद्रायणीय वात्सीपुत्रीयांची शाखा मानले जातात आणि वात्सीपुत्रीय म्हणजे पुद्गलवादी. त्यांचे म्हणणे असे होते की, स्कंधांहून वेगळा आत्मा नाही हे मान्य. परंतु कर्म करणारा, स्मरण ठेवणारा आणि मुक्त होणारा कोणीतरी 'पुद्गल', म्हणजे व्यक्ती, म्हणावाच लागतो, जो स्कंधांशी एकरूपही नाही आणि त्यांच्याहून भिन्नही नाही. गंमत म्हणजे त्यांनीही अग्नी आणि सरपण यांचीच उपमा दिली: सरपणावाचून अग्नी नाही, तरी अग्नी म्हणजे सरपण नव्हे. बौद्ध आचार्य वसुबंधूने आपल्या अभिधर्मकोश या ग्रंथाच्या शेवटी स्वतंत्र प्रकरण लिहून हे मत खोडून काढले. त्याचा मुख्य आक्षेप असा की, स्कंधांना धरून आपण व्यवहारापुरते जे नाव देतो, त्याच्या पलीकडे हा पुद्गल काही असेल तर तो दाखवा. कान्हेरीच्या गुंफांतील कातळाच्या ओट्यांवर बसून पावसाळाभर या विषयावर वाद झाले असतील, ही कल्पना मला तरी फार आवडते.

आणखी एक भेद लक्षात ठेवावा, नाहीतर वाचनात घोटाळा होईल. आपल्याकडे विहारांत वाचला जातो तो बाबासाहेबांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ 1957 साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, प्रसिद्ध झाला. त्यात विञ्ञाण हे कायेच्या बरोबरीने असते, असे सांगताना त्यांनी विद्युत्क्षेत्राबरोबर चुंबकीय क्षेत्र असतेच, हा दाखला दिला आहे. एका देहातून निघून दुसऱ्या देहात शिरणारी वस्तू त्यांना सपशेल अमान्य आहे. पाली ग्रंथांना प्रमाण मानणारी थेरवादी परंपराही अशी वस्तू मानत नाही, परंतु मृत्यूनंतरही चित्तांची कार्यकारणसाखळी पुढे चालते असे ती मानते. दोन्ही भूमिका एकच आहेत असे भासवू नये. वाचताना कोणती कोणाची, हे स्पष्ट सांगावे.

वल्हं

माझे शास्त्रवाचन मर्यादित आहे, त्यामुळे ताईंच्या फक्त ध्यानाच्या प्रश्नाविषयी लिहितो. धम्मपदाच्या चित्तवग्गात म्हटले आहे: 'वारिजोव थले खित्तो, ओकमोकत उब्भतो, परिफन्दतिदं चित्तं', पाण्यातल्या घरातून काढून जमिनीवर फेकलेल्या माशासारखे हे चित्त तडफडते. खाडीच्या तोंडाशी पाग (फेकजाळे) झटकल्यावर वाळूत पडलेली बोय मासळी आपण सर्वांनी पाहिलेली आहे. ती उसळते, खवल्यांना वाळू चिकटते, क्षणभर निपचित पडते, आता शांत झाली असे वाटते, आणि पुन्हा भलत्याच दिशेला उसळते. विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिरात पहिले तीन दिवस केवळ श्वासाकडे पाहायचे असते, तेव्हा मला माझ्या मनात दुसरे काहीही दिसले नाही.

चौथ्या दिवशी गुडघा असह्य दुखू लागला. मराठीत वेदना म्हणजे दुखणे. पालीत मात्र सुखद, दुःखद किंवा दोन्ही नसलेला कोणताही अनुभव म्हणजे वेदना. हा फरक कळल्यावर 'माझा गुडघा दुखतो' या तीन शब्दांचे तुकडे पडू लागले. एक नकोसा दाब होता, ती वेदना. 'हे दुखणे आहे' ही ओळख, ती सञ्ञा. 'आता उठावे' ही ओढ, तो सङ्खार. आणि या सर्वांची जाण होत होती, ते विञ्ञाण. दाबही एकसारखा नव्हता. कधी जळजळ, कधी ठोके, मध्येच दूर कोठेतरी कोंबडा आरवला तेव्हा गुडघा पूर्ण नाहीसा झाला, कारण त्या क्षणी जाणीव कानाशी होती. 'माझा' हा शब्द मात्र दर वेळी थोडा उशिरा येत असे. आधी दाब, मग माझा.

म्हणून ताई, 'मी पाहते आहे' ही भावना हाकलू नका. तोही एक विचारच आहे, तो येतो आणि जातो. सतिपट्ठान सुत्तात चित्ताचे निरीक्षण सांगताना चित्त सराग (आसक्त) असेल तर सराग आहे असे जाणावे, विखुरलेले असेल तर विखुरलेले आहे असे जाणावे, एवढेच सांगितले आहे. ते लगेच बदलून टाकावे असे नाही. उदान या पाली ग्रंथात सोपाऱ्याच्या समुद्रकाठी राहणाऱ्या बाहियाची कथा आहे. त्याने घाईघाईने श्रावस्ती गाठून भर रस्त्यात, भिक्षाटनाच्या वेळी, उपदेश मागितला आणि बुद्धांनी सांगितले की, पाहिलेल्यात केवळ पाहणे असू दे, ऐकलेल्यात केवळ ऐकणे असू दे. तो मुक्त झाला, आणि लवकरच वासरू असलेल्या एका गाईच्या शिंगाने मरण पावला. मला सोळा वर्षांत ते केवळ पाहणे फार तर काही श्वासांपुरते जमले आहे.

खाडीकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल विहारात भाजावळीचा दाखला वाचून दाखवला. काका बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "जाळ गेला ते खरं, पण राख शेतातच ऱ्हाते, आन् तरवा तिच्यावरच येतो." (तरवा म्हणजे भाताची रोपे.) पाठोपाठ त्यांनी एक तिरकस प्रश्नही टाकला: गेल्या वर्षीचा माणूस आज तोच नसेल, तर सोसायटीचे पीककर्ज ज्याने उचलले तो मी नव्हे, मग हप्ता कोणी भरायचा? लोक हसून बेजार झाले, परंतु प्रश्न राहिलाच.

निवृत्त मास्तर

राखेची भर काकांची स्वतःची आहे, सुत्तात ती नाही. तरी मला ती पटली. फक्त राख म्हणजे उरलेला आत्मा, असे वळण तिला लागू देऊ नका. राखेतून तरवा येतो तो माती, पाऊस आणि बी यांच्या जोडीने.

हप्त्याचे उत्तर मिलिंदपञ्हात, म्हणजे मिलिंद राजा आणि भिक्षू नागसेन यांच्या संवादाच्या पाली ग्रंथात, आहे, आणि तेही आंब्यांचे. कोणी एकाने दुसऱ्याच्या झाडाचे आंबे चोरले आणि पकडल्यावर सांगितले की, मालकाने लावले ते आंबे वेगळे, मी नेले ते वेगळे, त्यामुळे मी चोर नाही. हा दंडाला पात्र आहे की नाही, असे नागसेन विचारतो आणि मिलिंद राजाला पात्र आहे असेच म्हणावे लागते, कारण नेलेले आंबे लावलेल्या आंब्यांपासूनच आले. हापूसच्या कलमांची राखण केलेल्या कोणाही माणसाचे मत राजाहून वेगळे पडणार नाही. काकांना नागसेनाकडून हप्त्यात सवलत मिळेल, असे दिसत नाही.

पुढच्या रविवारी हा भाग घेणार असाल, तर त्याच प्रकरणातील दिव्याचा दाखलाही घ्या: रात्रीच्या पहिल्या प्रहरीची ज्योत आणि शेवटच्या प्रहरीची ज्योत एकच की दोन? प्रश्न विचारून थोडे थांबा, काकांना आधी बोलू द्या, आणि नागसेनाचे उत्तर मग वाचा.