रांगेतल्या ट्रेलरचा धूर: उपाय इंजिनात की बंदराच्या रस्त्यावर?

घणसोलीकर

न्हावा शेवा बंदराकडे जाणारे कंटेनर ट्रेलर इंजिन चालू ठेवून तासन्‌तास रांगेत सरकत असतात. 1 एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या भारत स्टेज सहा या प्रदूषण-नियमामुळे जड डिझेल इंजिनांच्या नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा प्रतिकिलोवॉट-तास 3.5 ग्रॅमवरून 0.46 ग्रॅमवर आली. परंतु ती पाळण्यासाठी बसवलेल्या, धुरात युरिया सोडून नायट्रोजन ऑक्साइड मोडणाऱ्या एससीआर यंत्रणेला धूर साधारण 200 अंशांहून गरम लागतो. रांगेत इंजिनावर भारच नसल्याने तो तेवढा तापत नाही, थंड नळीत युरिया सोडल्यास त्याचे खडे जमतात, म्हणून इंजिनाचा संगणक युरिया सोडत नाही आणि विषारी वायू तसाच बाहेर पडतो.

धूर तापवण्यासाठी जादा डिझेल जाळणे मला पटत नाही. सहापैकी तीन सिलिंडरांचे इंधन तोडून त्यांचे सर्व व्हॉल्व्ह मिटून ठेवले, तर आत कोंडलेली हवा पिस्टनबरोबर दबते आणि पुन्हा फुलते, हवा ओढण्या-ढकलण्यात वाया जाणारी शक्ती वाचते आणि उरलेल्या तीन सिलिंडरांवर दुप्पट भार येऊन त्यांचा धूर चांगलाच तापतो. डिझेल आणि प्रदूषण दोन्ही एकदम कमी करणारे उपाय फार थोडे आहेत. कॅलिफोर्नियाने 2024 च्या इंजिनांपासून कमी भारावरची वेगळी चाचणी आणली. तशी आपल्याकडेही सक्तीची असावी.

कळंबोलीचा गाडीमालक

आपले तत्त्व मान्य आहे, पण गाडी आम्हाला चालवायची आहे. व्हॉल्व्ह मिटवणारी, रॉकरमधली म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांडीतली पिन तेलाच्या दाबावर सरकणार. तेल काळे पडून घट्ट झाले की ती अडकणार. आज टॅपेट सेटिंगसुद्धा, म्हणजे व्हॉल्व्हची फट जुळवणे, वेळेवर होत नाही, तेथे हे कोण सांभाळणार? शिवाय तीनच सिलिंडरांवर इंजिन हादरते, आणि बंद सिलिंडरातला दाब उतरला की पिस्टनच्या रिंगांवरून तेल वर चढते. त्यापेक्षा बंदराने प्रत्येक गाडीला वेळ ठरवून द्यावी आणि तोपर्यंत थांबायला तळ द्यावा. बंद इंजिन काहीच जाळत नाही.

ऐरोली, इंजिन चाचणी विभाग

सगळ्या व्हॉल्व्ह नियंत्रणाला एकाच मापाने तोलू नये. धूर बाहेर सोडणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह लवकर उघडल्यास धूर तापतो, मात्र पिस्टनला मिळणारे काम अर्ध्यावर सुटते आणि डिझेल जास्त लागते. हवा आत घेणारा इनटेक व्हॉल्व्ह उशिरा मिटल्यास आत राहणारी हवा घटते, धूर तापतो आणि इंधनाचा तोटा तितका होत नाही. सिलिंडर बंद ठेवण्याचा लाभही कमी भारावरच आहे. भरलेला कंटेनर घेऊन घाट चढताना सहाही सिलिंडर लागतात.

घणसोलीकर

तेलाच्या दाबावर चालणारी यंत्रणा ट्रकला नवखी नाही. 1961 पासून अमेरिकेत विकला जाणारा इंजिन ब्रेक त्याच दाबाने, पिस्टन वर टेकत असताना एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो आणि उतारावर गाडी आवरतो. तेल चढण्याची भीती खरी आहे; म्हणूनच बंद सिलिंडर आळीपाळीने बदलता येतात. रांगेची व्यवस्था हवीच, परंतु दर काही मिनिटांनी गाडी पुढे घ्यावी लागते, ब्रेकची हवा भरलेली ठेवावी लागते आणि ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या ट्रकांना वातानुकूलित केबिन सक्तीची आहे. अशा वेळी चालक इंजिन बंद कसे करील?

कळंबोलीचा गाडीमालक

मग त्या रॉकरची हमी इंजिनाच्या हमीइतकीच असावी, आणि पिन अडकल्यास गाडी सहाही सिलिंडरांवर चालत राहील अशी रचना नियमातच लिहावी. एवढे झाल्यास माझा विरोध नाही. तोवर पैसा आधी तळावर खर्च व्हावा.