इनस्क्रिप्टवर दिवसभर मराठी टायपिंग, उजवं मनगट दुखतंय : कोणता अर्गोनॉमिक कीबोर्ड घ्यावा?

नमस्कार मंडळी,

मी मराठी अनुवादाचं काम करते, त्यामुळे दिवसातला बराच वेळ इनस्क्रिप्टवर (भारतीय भाषांसाठीच्या प्रमाण कीबोर्ड मांडणीवर) टायपिंग चालतं. गेले काही महिने उजव्या हाताचा अंगठा आणि त्याच्या शेजारच्या दोन बोटांना रात्री मुंग्या येतात. हात झटकला की जरा बरं वाटतं. हाडांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की मनगटाच्या बोगद्यातून जाणाऱ्या मीडियन नसेवर दाब येतोय, म्हणजे कार्पल टनेलची सुरुवात आहे. रात्री मनगट सरळ ठेवणारा स्प्लिंट लावते, त्याने झोप सुधारली आहे. उपचार त्यांचेच चालू राहतील. इथे फक्त कीबोर्डबद्दल विचारायचं आहे.

काही बदल आधीच केलेत. कीबोर्डचे मागचे पाय मिटवले, कारण ते उघडे असले की मनगट वरच्या बाजूला मोडतं. टेबल उंच आहे, म्हणून खुर्ची वर घेतली आणि पायाखाली पाट ठेवला. दुखणं कमी झालं, पण करंगळीच्या बाजूची ओढ तशीच आहे.

माझा खरा प्रश्न इथून सुरू होतो. अर्गोनॉमिक, म्हणजे हातावर कमी ताण येईल अशा घडणीच्या, कीबोर्डबद्दल जे वाचायला मिळतं ते सगळं इंग्रजी टायपिंग धरून लिहिलेलं असतं. इनस्क्रिप्टमध्ये मात्रा डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. त्यातही ज, ड, च, ट, य हे सगळे उजव्या करंगळीच्या वाट्याला. 'डॉक्टर' हा शब्द टाइप करून बघा : ड चौकटी कंसाच्या बटणावर, ॉ बॅकस्लॅशवर, ट अवतरणचिन्हाच्या बटणावर. एका शब्दात करंगळी तीनदा बाहेर जाते आणि दरवेळी माझा अख्खा पंजा बाहेरच्या बाजूला वाकतो.

दोन पर्याय डोक्यात आहेत. एक लॉजिटेक अर्गो के८६०. तो एकसंध पण मधून उंच आणि वळणदार आहे, आणि पुढच्या पायांमुळे तळहाताची बाजू उचलता येते. पण त्याला नंबरपॅड जोडलेला आहे, म्हणजे माउस आणखी लांब जाणार. तेवढ्यासाठी खांदा दुखायला नको. दुसरा कायनेसिस फ्रीस्टाइल२. त्याचे दोन भाग वेगळे करून खांद्याच्या रुंदीवर ठेवता येतात, शिवाय नंबरपॅड नाही. माझा कल याच्याकडे आहे, कारण हात सरळ रेषेत राहायला हवे असतील तर भाग खरोखर सुटे असणं महत्त्वाचं वाटतं. तो बाहेरून मागवावा लागला तर ड्युटीसकट बराच महाग पडेल, म्हणून आधी विचारतेय.

खोलगट वाटीसारखा कायनेसिस अॅडव्हान्टेजही पाहिला. त्यात चौकटी कंसाची बटणं खालच्या ओळीत आहेत, म्हणजे ड तिकडे जाणार. करंगळीला ते सोयीचं पडेल की हाताची सवयच मोडेल, हे वापरल्याशिवाय समजणार नाही.

ज्यांनी सुट्या भागांच्या कीबोर्डवर मराठी टाइप केलंय त्यांनी कृपया सांगा :

'व' हे अक्षर तुम्ही कोणत्या बोटाने दाबता? माझ्या उजव्या तर्जनीला त्याची सवय आहे आणि सुट्या कीबोर्डवर ते बटण बहुधा डाव्या भागात असतं. वेग परत यायला किती दिवस गेले?

ळ, ण, श, भ यांच्यासाठी सारखं शिफ्ट लागतं. ते कोणी अंगठ्याच्या बटणावर घेतलं आहे का? अंगठ्यालाच मुंग्या येत असताना असं करणं योग्य आहे का, हे फिजिओथेरपीतल्या कुणी सांगितलं तर फार मदत होईल.

आणि पुणे किंवा नाशिकमध्ये यातला एखादा कीबोर्ड प्रत्यक्ष हाताळून बघता येईल असं दुकान माहीत असेल तर कळवा. व्यक्तिगत निरोप पाठवलात तरी चालेल.