वेरूळहून परतताना गाडी थांबते तिथेच हिमरू-पैठणी घ्यावी का?

देवगिरीकर (धागा सुरू)

वेरूळ, खुलताबाद, दौलताबाद उरकून गाडी छत्रपती संभाजीनगरकडे निघाली की वाटेत एखाद्या मोठ्या शोरूमसमोर थांबते. पार्किंग ऐसपैस, थंड पाणी तयार. आत एक हातमाग मांडलेला असतो, त्यावर दोन-चार मिनिटं धोटा फिरवून दाखवतात आणि लगेच शेजारच्या दालनात शाली उलगडायला सुरुवात होते. माझं मत स्पष्ट आहे: तिथे बघावं, हात लावून बघावं, पण पैसे काढू नयेत.

पहिलं कारण, गिऱ्हाईक आणून सोडणाऱ्याचा वाटा त्या किमतीतच धरलेला असतो. दुसरं मला जास्त खुपतं. माग दाखवतात एका वस्तूचा आणि विकतात भलतीच. खऱ्या हिमरूत, म्हणजे इथल्या सुती-रेशमी नक्षीच्या कापडात, उभा ताणा सुती असतो आणि नक्षीसाठी रेशमाचा जास्तीचा आडवा धागा घालतात. नक्षी जिथे वर येत नाही तिथे हा धागा खालून मोकळाच जातो. म्हणून हिमरूची उलटी बाजू गुळगुळीत नसते, बोट घातलं तर धाग्यात अडकतं. याच कारणाने जुन्या हिमरूच्या शेरवानीला आतून अस्तर लावत. शोरूमच्या थप्पीत मात्र एकच नक्षी पंधरा-वीस रंगांत, लांबी-रुंदी इंचाला इंच सारखी, वजनाला हलकी, दोन्ही बाजू स्वच्छ. ती यंत्रमागाची व्हिस्कोस किंवा ॲक्रिलिकची शाल. वापरायला चांगली असेल, पण तिला हिमरू म्हणू नये.

जेवणाचंही तेच. गाडी थांबते तिथे पंजाबी, चायनीज आणि थाळी. नान-खलियाच्या (नान आणि मांसाचा झणझणीत रस्सा) गावात येऊन माणसं पनीर बटर मसाला खाऊन परत जातात याचं वाईट वाटतं.

---

चारचाकी

भाऊ, तुमचं कापडाचं ज्ञान मान्य, पण दिवसाचा हिशेब तुम्ही मांडलाच नाही. शहरातून सकाळी आठला निघालं तरी वेरूळला नऊ वाजतात. सोळा नंबरचं कैलास नीट बघायचं, वर बौद्ध आणि जैन लेणी म्हणजे दुपारचा एक-दीड झालाच. दौलताबादचा किल्ला वरपर्यंत चढून उतरायला दोन-अडीच तास. मग बीबी का मकबरा. खरेदीला जुन्या शहरात जावं म्हटलं तर सतरा सीटची ट्रॅव्हलर तिथल्या गुलमंडीच्या बाजारात शिरतच नाही. पैठण गेटला सोडली तरी संध्याकाळी उभी कुठं करायची? सोबत म्हातारी माणसं, लहान लेकरं. त्यांना स्वच्छतागृह पायजे, बसायला खुर्ची पायजे. गल्लीतल्या दुकानात हे कुठून आणणार?

वाट्याबद्दल लोक चोरी केल्यासारखं बोलायलेत, ते मला पटत नाही. ड्रायव्हर दिवसभर उन्हात उभा असतो. भाडं पाडून मागतात आणि मग वाटा नको म्हणतात. वाटा बंद झाला तर भाडं तेवढंच वाढेल, पैसा गिऱ्हाइकाच्याच खिशातून जाणार. आणि ज्याला ऑफिसातल्या सहा जणींना द्यायला पाच-सहाशेच्या शाली पाहिजेत, त्यानं हातमागाची हिमरू कामून घ्यावी? यंत्रमागाची शाल मशीनमध्ये धुता येते, खरी हिमरू नाही.

---

काठपदर

दोघांचंही अर्धं बरोबर आहे. देवगिरीकर, तुमचा उलट्या बाजूचा नियम हिमरूला लागू आहे, पण लोक तोच पैठणीला लावतात आणि फसतात. पैठणीत गणित नेमकं उलटं आहे.

पारंपरिक पैठणीचा पदर आणि काठ गुंफून विणतात. प्रत्येक रंगाचा धागा आपल्या जागेपुरता जातो, शेजारच्या रंगात अडकतो आणि तिथूनच मागे वळतो. त्यामुळे पदरावरचा मोर उलट्या बाजूनेही तसाच दिसतो, फक्त तोंड दुसरीकडे. मागे लोंबणारे धागे नाहीत, कापलेले तुकडे नाहीत. यंत्रमागाच्या 'सेमी पैठणी'त पदराच्या मागे धागे आडवे पडलेले असतात किंवा कात्रीने छाटलेले दिसतात.

पण इथेही एक अडचण आहे. हातमागाला जॅकार्ड (नक्षीसाठी ताण्याचे धागे उचलून देणारी जोडणी) लावून विणलेली ब्रोकेड पैठणीही असते, आणि तिच्याही मागे धागे असतात. ती हाताचीच आहे, फक्त तिला गुंफणीच्या पदराएवढा वेळ लागत नाही, म्हणून ती स्वस्त पडते. मागे धागे दिसले की 'ही मशीनची' असं ठोकून बोललात तर कारागिरावर अन्याय होतो, आणि ब्रोकेडला गुंफणीचा भाव दिलात तर तुमच्यावर. म्हणून दुकानात विचारायचा प्रश्न 'खरी आहे का?' हा नाही. 'पदर गुंफणीचा आहे की जॅकार्डचा?' असं विचारा. विकणारा चाचरला तर पुढे बोलूच नका.

जरीचंही असंच. 'सोन्याची जर' हे शब्द आज सर्रास वापरले जातात. बहुतेक साड्यांत नकली जर असते, आणि त्यात वाईट काही नाही, नीट सांगितलं असेल तर. प्लास्टिकची जर मात्र घेऊ नका. घडीत मोडते, टोचते.

---

देवगिरीकर

जॅकार्डचा मुद्दा मान्य, तो माझ्या लिहिण्यात राहून गेला होता. आणखी एक खूण अशी की हातमागावर कापड ताणून धरायला दोन्ही काठांत सुया असलेली पट्टी रोवतात, त्या सुयांची बारीक भोकं काठाच्या कडेला ओळीने दिसतात.

चारचाकींना एवढंच सांगतो की पाचशेची शाल कुणीही घ्यावी. पाचशेची शाल हातमागाची म्हणून तीन हजारांना देतात, तक्रार त्याची आहे.

---

ताणाबाणा

भोकांवर विसंबू नका. यंत्रमागावरही कापड ताणून धरायला काठाशी सुयांच्या कड्या असतात, त्यांचेही ठसे उमटतात.

अंगठीतून शाल ओढून दाखवतात तो तर निव्वळ खेळ आहे. कापड पातळ असलं की नायलॉनही अंगठीतून जातं. त्यापेक्षा दशांमधला एक धागा मागा आणि जाळून बघा. रेशीम केस जळल्यासारखा वास देतं, ज्योत काढली की बहुतेक वेळा विझतं आणि राख चिमटीत चुरते. सूत आणि व्हिस्कोस कागदासारखं जळतं, राख मऊ, करडी. पॉलिस्टर आणि ॲक्रिलिक वितळून त्यांची कडक गोळी होते. हिमरूसाठी दोन धागे जाळावे लागतात, एक उभा आणि एक नक्षीचा आडवा. ताणा सुतीच असतो, त्यामुळे फक्त उभा धागा जाळून 'रेशीम नाही' म्हणणं चूक, आणि फक्त आडवा जाळून 'शुद्ध रेशीम' म्हणून भाव लावणंही चूक. धागा द्यायला नकार देणारं दुकान सोडलेलं बरं.

लेबलाबद्दलही घोटाळा असतो. सिल्क मार्क रेशीम शुद्ध असल्याची खात्री देतो. कापड हातमागाचं आहे असं तो सांगत नाही. यंत्रमागाच्या शुद्ध रेशमी साडीवरही तो असू शकतो. हातमागासाठी हँडलूम मार्क वेगळा असतो.

---

शहागंज

कापडावर जाणकार बोललेत, मी खाण्यावर बोलतो. हिमरू काय आणि नान-खलिया काय, दोन्हींची गोष्ट लोक 1327 सालात नेतात, तुघलकानं दिल्लीची राजधानी दौलताबादला हलवली तिथपर्यंत. ते असो. ताटात काय पडतं ते महत्त्वाचं.

हा नान हॉटेलातल्या बटर नानसारखा लांबट नसतो. गोल, जाडसर, खमीर घालून फुगवलेला, वरून हळद-गुळाच्या पाण्याचा हात फिरवलेला. भट्टीतून निघाला की वरची बाजू पिवळी-सोनेरी आणि किंचित गोडसर लागते, आतून कापसासारखा. खलिया पातळ आणि झणझणीत, वर तर्रीचा थर. नान हातानं तोडायचा आणि रश्श्यात बुडवून दोन-तीन सेकंद धरायचा. कोरडा खाल्ला तर घशाला लागतो आणि लोक म्हणतात, 'एवढं काय त्यात?'

बुढी लेन, रोशन गेट, शहागंज या बाजूला जा. बसल्याबरोबर 'मटणाचा की बड्याचा?' हे विचारून घ्या. बडा म्हणजे म्हैसवर्गीय. विचारायला संकोच नको, दुकानदारही सरळ सांगतात. शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळी जाऊ नका, बरीच दुकानं तेवढा वेळ बंद असतात.

---

चारचाकी

हेच तर म्हणतोय! सतरा जणांत सात शाकाहारी, दोघांना बडा चालत नाही, एकाला तिखट चालत नाही. यांना बुढी लेनला नेऊन मी करू काय? पार्सल घेऊन हॉटेलवर खावं, हा मधला मार्ग आहे.

---

शहागंज

पार्सलच तर नान बिघडवतं, दादा. भट्टीतला गरम नान एकावर एक रचून पॉलिथिनच्या पिशवीत बांधला की त्याचीच वाफ त्याच्यावर बसते. अर्ध्या तासात वरचा पिवळा थर चिकट होतो आणि नान चामड्यासारखा लागतो. न्यायचाच असेल तर दहा मिनिटं मोकळे ठेवा, मग सुती कापडात गुंडाळा, डबा बंद करू नका. गार नानवर पाण्याचा हबका मारून झाकण ठेवलेल्या तव्यावर मंद आचेवर मिनिटभर ठेवला की तो परत मऊ होतो. मायक्रोवेव्हमध्ये दोन मिनिटांत दगड होतो. खलिया वेगळ्या डब्यात घ्या, आणि तर्री काढून टाकू नका.

---

वरणफळ

शाकाहारी लोकांसाठी एक इशारा. या भागात दालचा मागवताना नावावर जाऊ नका. डाळ आणि दुधी दिसतो, पण तो बऱ्याच ठिकाणी मटणाच्या हाडांसोबत शिजवलेला असतो. आधी विचारा.

शाकाहारी मंडळींनी गुलमंडीकडे जावं. तिथे इमरती खावी, आणि प्रवासात न्यायलाही इमरतीच बरी. उडदाच्या पिठाची असल्यानं ती पाक धरून ठेवते, दुसऱ्या दिवशीही खाता येते. मैद्याची जिलेबी तासाभरात मऊ पडते. किलोभर घेताना खोकं आधी काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणायला सांगा. जाड पुठ्ठ्याचं खोकं मिठाईच्या भावात पडतं आणि त्यावर कुणी बोलत नाही. सुट्ट्या मिठाईच्या ट्रेवर 'कधीपर्यंत वापरावी' ही तारीख लावण्याचा नियम ऑक्टोबर 2020 पासून आहे, तीही बघा.

---

काठपदर

खरेदीकडे परत येते. चारचाकींचं म्हणणं मी एका बाबतीत मानते: शोरूममध्ये बिल मिळतं. गल्लीतल्या दुकानात 'बिल घेतलं तर भाव वाढेल' असं ऐकावं लागतं आणि गिऱ्हाईक तिथेच मऊ पडतं. हे थांबलं पाहिजे, जुन्या शहरावर कितीही जीव असला तरी. बिल न देणं ग्राहक कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल बिलावरच्या मुदतीत, आणि मुदत लिहिलीच नसेल तर 30 दिवसांत परत न घेणं, हेही. अडलं तर 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे.

पण नुसत्या 'साडी, नग 1' या बिलाला काही किंमत नाही, मग ते शोरूमचं असो की गल्लीतलं. हातमाग की यंत्रमाग, पदर गुंफणीचा की जॅकार्डचा, रेशीम शुद्ध की मिश्र, जर कोणती, हे चार शब्द बिलावर लिहून मागा. तोंडानं 'सोन्याची जर' म्हणणारा माणूस लिहिताना 'जर' एवढंच लिहितो. तिथेच कळतं.

---

चारचाकी

बिलावर लिहून घ्या, हे मी माझ्या गाडीतल्या लोकांना सांगीन. त्याला माझी काही हरकत नाही. शोरूमला थांबायचं मात्र बंद करणार नाही, त्याची कारणं वर दिली आहेत.

---

देवगिरीकर

थांबा, पण निघताना 'अर्ध्या तासात बसा' अशी घाई करू नका. धागा जाळून बघायला आणि पदर उलटून बघायला वेळ लागतो, आणि ती घाईच दुकानदाराच्या पथ्यावर पडते.

ज्यांच्याकडे दोन दिवस आहेत त्यांनी दौरा असा लावावा: मंगळवारी वेरूळची लेणी बंद असतात, सोमवारी अजिंठ्याची. वेरूळसाठी आलेल्यांनी मंगळवार पैठण आणि शहराला द्यावा. सकाळी लवकर पैठणला जावं, अंतर पन्नास किलोमीटरच्या आसपास. तिथल्या सरकारी पैठणी केंद्रात माग चालताना बघावा, गुंफणीचा पदर दिवसाला किती थोडा पुढे सरकतो ते डोळ्यांनी बघावं, म्हणजे किमतीवर वाद घालायची इच्छाच उरत नाही. दुपारी परत येऊन गाडी हॉटेलवर लावावी आणि रिक्षानं शहागंज गाठावं. नान सोबत बांधून घेऊ नये, तिथेच खावा.

---

ताणाबाणा

पैठणहून साडी घेतलीच तर घरी नेल्यावर डांबराच्या गोळ्या तिच्या घडीत टाकू नका, जर काळी पडते. धुतलेल्या मलमलमध्ये गुंडाळा आणि दर दोन-तीन महिन्यांनी घडी बदला, नाहीतर ती घडीवरच चिरते. हिमरू शाल हँगरला लटकवू नये. मागचे मोकळे धागे वजनानं खाली ओढले जातात आणि नक्षी चुणते.