१९६० ची मॉरिस मायनर, पॉझिटिव्ह अर्थ: ब्लूटूथ आणि यूएसबी-सी चार्जर कसा बसवावा?

जुनीचाकं:
गाडी मॉरिस मायनर १०००, ९४८ सीसी, १९६० ची. लुकास सी४० डायनॅमो (इंजिनावर फिरून वीज बनवणारा), त्याची वीज आवरणारा दोन कॉइलचा रेग्युलेटर, बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला, म्हणजेच पॉझिटिव्ह अर्थ. डॅशबोर्डखाली त्याच काळातला फक्त एएम लागणारा रेडिओ आहे, तो चालू आहे आणि काढायचा नाही. हवं आहे ते एवढंच: फोनवरची गाणी त्या रेडिओच्या स्पीकरमधून यावीत आणि नकाशा सुरू असताना फोन चार्ज होत राहावा.

प्रश्न तीन. सिगारेट लायटरच्या सॉकेटातला साधा चार्जर चालेल का? डायनॅमोला हा भार झेपेल का? की सरळ निगेटिव्ह अर्थ करून टाकावं?

तारकाम:
साधा चार्जर नको. त्यात मधली पिन पॉझिटिव्ह आणि बाजूचा पत्रा निगेटिव्ह धरलेला असतो. तुमच्या गाडीत सॉकेट बॉडीला कसलं, की बाजूचा पत्रा पॉझिटिव्ह होतो आणि सगळं उलटं. आत संरक्षक डायोड असेल तर चार्जर नुसता मुका राहील, नसेल तर जळेल.

तारा उलटवून सॉकेट बॉडीपासून वेगळं बसवलं की काम झालं असं अनेकांना वाटतं. खरी गोची तिथेच आहे. अशा चार्जरची निगेटिव्ह आत-बाहेर एकच असते. म्हणजे फोनच्या यूएसबी केबलचं आवरण बॉडीच्या मानाने उणे १२ व्होल्टवर. फोन नुसता चार्ज होत असेल तोवर काही होत नाही. पण त्याच फोनची ऑडिओ केबल रेडिओला लावली, तर तिचं आवरण रेडिओच्या पत्र्याला, म्हणजे बॅटरीच्या पॉझिटिव्हला टेकतं. बॅटरी थेट फोनमधून शॉर्ट. फ्यूज उडेपर्यंत फोनचा पोर्ट गेलेला असतो.

उपाय: आयसोलेटेड डीसी-डीसी कन्व्हर्टर, म्हणजे ज्याच्या आतल्या ट्रान्सफॉर्मरमुळे इनपुट आणि आउटपुट यांच्यात तारेचा संबंधच राहत नाही. खोक्यावरच्या शब्दावर विसंबू नका. मल्टिमीटर ओहमवर ठेवून इनपुटची निगेटिव्ह आणि आउटपुटची निगेटिव्ह यांच्यात मोजा. शून्याजवळ आकडा आला तर तो आयसोलेटेड नाही. धातूच्या खोक्याचाही दोन्ही बाजूंशी संबंध नाही ना, ते तपासा. १२ व्होल्ट आत, १२ व्होल्ट ३० वॉट बाहेर असा घ्या. त्याच्या आउटपुटवर हवा तो चार्जर लावता येतो.

शांतइंजिन:
डायनॅमोचा हिशेब. सी४० चांगल्या स्थितीत २२ अँपिअर देतो, पण इंजिन फिरत असताना. आयडलिंगला जवळजवळ काहीच नाही, चार्जिंगचा लाल दिवा तेच सांगत असतो.

रात्री पावसात: दोन्ही हेडलाइट मिळून ७ अँपिअर, मागचे-पुढचे छोटे दिवे अडीच, इग्निशन ३, वायपर अडीच-तीन, हीटरचा पंखा असेल तर आणखी ३-४. झाले १८-१९. फोनचा २० वॉटचा चार्जर कन्व्हर्टरच्या तोट्यासकट सव्वादोन अँपिअर खातो. म्हणजे बसतं, पण वर काही उरत नाही. या गाडीत मोठा अँप्लिफायर लावू नका. वर्दळीत अर्धा तास रांगत गेलात तर हा सगळा खर्च बॅटरीतूनच होतो.

उभ्या गाडीचा खर्चही धरा. ३० मिलिअँपिअर किरकोळ वाटतात, पण दिवसाला ०.७२ अँपिअर-तास, महिन्याला जवळजवळ २२. चाळीसच्या बॅटरीतला निम्म्याहून जास्त. म्हणून कन्व्हर्टर इग्निशनच्या लाइनीवर हवा. फ्यूजबॉक्सच्या ए४ टर्मिनलवरून घ्या आणि त्या फाट्यावर स्वतंत्र ५ अँपिअरचा फ्यूज, १.५ चौरस मिलिमीटरची वायर. लुकासच्या ३५ लिहिलेल्या काचेच्या फ्यूजचा ३५ हा उडण्याचा आकडा आहे, सतत चालण्याचा १७. त्या जागी हल्लीचा ३५ वाला टाकला तर आधी वायर जळेल, मग फ्यूज.

कार्ब्युरेटर:
माझं मत वेगळं. मायनर असेल तर निगेटिव्ह अर्थ करूनच टाका. ध्रुव बदलला की बिघडेल असं या गाडीत फारसं काही नाहीच: टॅकोमीटर नाही, अँमीटर नाही. स्टार्टर आणि मूळ वायपर मोटर यांत कायम चुंबकाऐवजी फील्ड कॉइल (विजेवरचं चुंबक) आहे, त्या तशाच फिरतात. १९६० ची म्हणजे दिशा दाखवणारे उघडणारे हात असतील, ते सोलेनॉइड, त्यांनाही फरक पडत नाही. हीटरची मोटर कायम चुंबकाची असेल तर मात्र उलटी फिरेल, तिच्या तारा बदला.

क्रम असा:
१. बॅटरी सोडवा आणि उलट दिशेने ठेवा. पॉझिटिव्ह पोस्ट जाड असतो, त्यामुळे जुने क्लँप अदलाबदलीत सैल किंवा घट्ट होतात. ठोकून बसवू नका, क्लँप बदला.
२. इग्निशन कॉइलवरच्या दोन बारीक तारांची अदलाबदल. विसरलात तरी इंजिन सुरू होतं, म्हणून ही चूक लपून राहते. प्लगचं मधलं टोक तापलेलं असतं आणि ते निगेटिव्ह असताना ठिणगी कमी व्होल्टेजवर उडते. उलट झालं की चढावर मिसफायर.
३. एसयू पेट्रोल पंपाचं काळं टोपण उघडून पाहा. आत डायोड असेल तर तोही उलटवा. नुसते पॉइंट आणि कंडेन्सर असतील तर हात लावू नका.
४. डायनॅमोला नवा ध्रुव द्या. त्याच्या दोन्ही तारा काढा. बॅटरीच्या बॉडीला न जोडलेल्या टोकावरून वायर आणून लहान टर्मिनलला, म्हणजे एफला, चार-पाच वेळा क्षणभर टेकवा. ठिणगी दिसली पाहिजे. मग तारा परत जोडा.

चौथी पायरी राहिली तर कटआउट (रेग्युलेटरमधला, डायनॅमो बॅटरीला आपोआप जोडणारा स्विच) मिटताच बॅटरी आणि डायनॅमो एकमेकांवर उलटे जोडले जातात आणि कटआउटचे पॉइंट चिकटून बसतात.

तारकाम:
क्रम बरोबर आहे. पण यादीतून रेडिओच राहिला, आणि प्रश्न त्याचाच आहे. त्या काळातल्या काही सेटमध्ये मागे ध्रुव बदलायचा प्लग असतो, बऱ्याचमध्ये नसतो. ट्रान्झिस्टर असलेला सेट उलट्या वीजेवर एका क्षणात मरतो आणि ते जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर आता सहज मिळत नाहीत. एका चार्जरपायी धडधाकट मूळ रेडिओ पणाला लावणं मला पटत नाही.

जुनीचाकं:
रेडिओवर तसा प्लग नाही, तेव्हा अर्थ आहे तसंच ठेवतो. आता गाणी रेडिओत कुठून घालायची? एफएम ट्रान्समीटर तर एएमवर उपयोगाचाच नाही.

तारकाम:
व्हॉल्यूमच्या पॉटमधून, म्हणजे आवाज कमी-जास्त करणाऱ्या फिरत्या रेझिस्टरमधून. त्याच्या तीन पायांपैकी एक बॉडीला, मधला पुढच्या भागाला आणि तिसरा डिटेक्टरकडून (रेडिओ लहरीतून आवाज वेगळा काढणाऱ्या भागाकडून) येतो. या तिसऱ्या पायावर आवाज द्यायचा. डाव्या-उजव्या दोन्ही तारांत १ किलोओहमचा एकेक रेझिस्टर घालून त्या एकत्र करा, पुढे १ मायक्रोफॅरडचा ध्रुव नसलेला कपॅसिटर, मग पॉट. रेझिस्टर नसतील तर फोनचे दोन आउटपुट एकमेकांवर भार टाकतात. कपॅसिटर नसेल तर सेटमधला डीसी फोनपर्यंत जातो. डिटेक्टरची तार स्विच असलेल्या जॅकमधून न्या, म्हणजे पिन घातली की एएम आपोआप तुटतं, नाहीतर गाण्यामागे स्टेशन कुजबुजत राहील. शील्ड केलेली केबल वापरा. रेडिओचा पत्रा कुठेही कापावा लागत नाही.

ब्लूटूथ रिसीव्हर लपवायचा असेल तर त्याला स्वतःचा छोटा आयसोलेटेड कन्व्हर्टर द्या, ५ व्होल्ट १-२ वॉटचा. चार्जरबरोबर एकाच आउटपुटवर ठेवलात तर चार्जिंगची शिट्टी स्पीकरमध्ये येते.

सेट उघडण्याआधी वाल्व आहेत का पाहा. व्हायब्रेटरवाल्या (१२ व्होल्टपासून जास्त व्होल्टेज बनवणाऱ्या) सेटमध्ये दोनशे व्होल्टच्या आसपास वीज असते आणि बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये थोडा वेळ टिकते.

शांतइंजिन:
खरखर आली तर दाबायच्या जागा दोन: १ मायक्रोफॅरडचा सप्रेसर (खरखर दाबणारा कपॅसिटर) डायनॅमोच्या मोठ्या टर्मिनलवर म्हणजे डीवर, आणि तसाच एक कॉइलच्या इग्निशनकडच्या टर्मिनलवर. एफवर कधीही नको, रेग्युलेटरचे पॉइंट जळतात. कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडच्या बाजूलाही नको, ठिणगी मंदावते. एवढ्यानेही राहिली तर ५ किलोओहमच्या प्लग कॅप.

फोन काचेला चिकटवू नका. उन्हात तापला की तो चार्जिंग स्वतःच थांबवतो, बिनतारी पॅडवर तर आणखी लवकर. पार्सल शेल्फच्या पातळीला धरेल असा क्लँप लावा आणि केबल शेल्फखालून न्या.