मदत हवी आहे : कंपनी गेली, पण जमीन गावाकडे परत आली नाही, अशा जमिनींचा अभ्यास कसा करावा?

नमस्कार. मी बडोद्यात राहते आणि महाराजा सयाजीराव विद्यापीठात समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. शेतीतील मोठी गुंतवणूक फसल्यावर त्या जमिनीचे आणि तिच्यावर जगणाऱ्यांचे काय होते, हा माझ्या प्रबंधाचा विषय आहे.

टांझानियातील किसारावे जिल्ह्यात सन बायोफ्युएल्स या ब्रिटिश कंपनीने मोगली एरंडाच्या (जट्रोफा, गुजरातेत रतनज्योत; याच्या बियांच्या तेलापासून जैवइंधन करतात) लागवडीसाठी अकरा गावांची सुमारे 8,200 हेक्टर जमीन 99 वर्षांच्या पट्ट्याने घेतली आणि 2011 मध्ये काम बंद पडले. तेथील 1999 च्या ग्रामभूमी कायद्याप्रमाणे परदेशी गुंतवणूकदाराला देण्याआधी गावाची जमीन गावाच्या ताब्यातून काढून वेगळ्या वर्गात टाकावी लागते, त्यामुळे कंपनी निघून गेली तरी ती आपोआप गावाकडे येत नाही. मजुरी गेली, आणि जिथून सरपण, कोळसा व पाणी मिळत असे त्या जागेवरचा हक्कही गेला. माझ्या मते खरे नुकसान हे दुसरे आहे, आणि त्याची भरपाई कोणी मोजत नाही.

आपल्याकडेही नियोजन आयोगाच्या 2003 च्या अहवालात याच झाडाच्या प्रचंड लागवडीची, तीही बरीचशी पडीक जमिनीवर, शिफारस होती. पाण्याखताविना ते झाड तगते, पण बी फारसे देत नाही. शिवाय त्याचा पाला गुरे खात नाहीत (म्हणून तर ते कुंपणाला लावतात), म्हणजे फसलेल्या लागवडीखालची जमीन चराईच्याही उपयोगाची राहत नाही. कागदावर पडीक दिसणारी जमीन गावात क्वचितच रिकामी असते.

गुजरात, माळवा किंवा विदर्भात गायरानावर अशी लागवड होऊन ती सोडून दिल्याचे कोणी पाहिले आहे का, आणि तिथे आज काय आहे? तलाठ्याकडून सातबारा व फेरफार नोंदींखेरीज कोणती कागदपत्रे मागावीत. पंचायतीचे जुने ठराव सहसा मिळतात का? सर्वांत अडलेली गोष्ट अशी की, ज्या भूमिहीन व पशुपालक कुटुंबांचे नाव कुठल्याच उताऱ्यावर नाही, त्यांचे आधीचे उत्पन्न नोंदवायचे कसे? सरपणाच्या मोळ्या आणि चराईचे महिने मोजावेत असा माझा विचार आहे. गावात असे सर्वेक्षण केलेल्यांनी आपली प्रश्नावली दाखवली, तर मला माझी दुरुस्त करता येईल.