अनुभव धागा: लँकेस्टरचा फ्लाइट इंजिनिअर नॉर्मन जॅक्सन

२६ एप्रिल १९४४ च्या रात्री श्वाइनफुर्टवर बॉम्ब टाकून झाल्यावर ब्रिटिश १०६ स्क्वाड्रनच्या एका लँकेस्टर बॉम्बर विमानावर जर्मन लढाऊ विमान तुटून पडलं. उजव्या पंखावर आग लागली. विमानाचा फ्लाइट इंजिनिअर सार्जंट नॉर्मन जॅक्सन ती विझवायला विमानाबाहेर गेला आणि पुढे व्हिक्टोरिया क्रॉस या ब्रिटनच्या सर्वोच्च शौर्यपदकाचा मानकरी ठरला. पण बाहेर जावंच का लागलं? यंत्रं जाणणाऱ्यांनी लिहावं.

इंजिनफिटर
१९४२ पासून दुसऱ्या पायलटच्या जागी फ्लाइट इंजिनिअर आला. पायलटच्या उजवीकडे घडीची सीट. टेकऑफला थ्रॉटल (इंजिनांची ताकद कमीजास्त करणारे दांडे) सांभाळायचे, चाकं आणि फ्लॅप (पंखांमागच्या हलत्या पट्ट्या) वर घ्यायचे, चारही मर्लिन इंजिनांचं तापमान आणि तेलाचा दाब पाहायचा, ठरावीक वेळाने नोंदवहीत आकडे लिहायचे. कोणत्या टाकीतून पेट्रोल घ्यायचं ते बदलणं हे त्याचंच काम, म्हणून पंखातली आग ही पहिल्यांदा त्याचीच जबाबदारी.

इंधनवाला
प्रत्येक पंखात तीन टाक्या: ५८०, ३८३ आणि ११४ गॅलन. सर्वांत मोठी धड आणि आतलं इंजिन यांच्यामध्ये, आणि आग नेमकी तिथेच. टाकी गळत असेल तर आधी तिच्यातलंच पेट्रोल इंजिनांना द्यायचं, म्हणजे वाया कमी जातं. पण टाकी रिकामी होत गेली की वरच्या जागेत वाफ साठते, आणि भडका वाफेचाच होतो. आग पेटल्यावर कॉक (पेट्रोलची तोटी) फिरवून काही साधत नाही. शिवाय आग विझवण्याची पक्की बसवलेली यंत्रणा इंजिनांपुरती होती. बटण दाबून टाकीवरची आग विझवण्याची सोयच नव्हती. उरला तो हाताने वापरायचा एक्स्टिंग्विशर.

रिगर
पॅराशूटने उडी मारायची मुख्य वाट विमानाच्या नाकात, तळाशी. जॅक्सनने पायलटच्या डोक्यावरची झडप उडवली. त्या वाटेने माणूस मागच्या शेपटीवर आदळण्याची भीती असते. उंची २०,००० फूट, वेग ताशी ३२० किमीच्या आसपास, बाहेर शून्याखाली २५ अंशांच्या घरात थंडी. अशा वाऱ्यात अंगावर शंभर किलोहून जास्त रेटा येतो. त्यात खांद्याला आणि पायाला आधीच गोळ्यांचे तुकडे लागलेले.

छातीवर अडकवलेला पॅराशूटचा पॅक बाहेर पडण्याआधीच उघडला आणि सगळं कापड कॉकपिटमध्ये पसरलं. तिघा साथीदारांनी पॅराशूटच्या दोऱ्या हातात धरून तो पुढे सरकेल तशा सोडल्या. मला तर त्या तिघांचं कामही तेवढंच मोठं वाटतं: दोर फार ताणला तर तो पुढे जाणार नाही, सैल सोडला तर पॅराशूटचा घेर वाऱ्यात फुगून शेपटीत अडकेल. तो घसरून पंखावर पडला, पुढच्या कडेतलं हवेचं तोंड पकडून राहिला, पण एक्स्टिंग्विशर हातून गेला. ज्वाळांनी चेहरा आणि हात भाजले, आणि वाऱ्याने त्याला मागे फेकलं. घेराला ठिकठिकाणी जळून भोकं पडली होती; म्हणून तो वेगाने आपटला आणि घोटा मोडला.

इंजिनफिटर
बाकीचे उडी मारेपर्यंत विमान स्थिर धरायला पायलटला जागेवरच बसावं लागतं. चार जण सुखरूप उतरले. पायलट मिफ्लिन आणि टेल गनर नाही. वाचलेले कैदेतून परतल्यावर हकीकत कळली, म्हणून पदकाची घोषणा ऑक्टोबर १९४५ मध्ये झाली.